मानसिक आजाराचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: तपासणीला जाण्याआधीची तयारी

मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यातही होता. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मात्र सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार यांसारख्या गटांना मिळून दिला. याचा आणि इतर बहुतेक योजनांचा लाभ घ्यायचा तर प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते.

अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर करावा. आधार, छायाचित्र आणि आजवरचे उपचारांचे कागद जवळ ठेवावेत. सर्वांत जुना केसपेपर कितीही फाटलेला असला तरी टाकू नये, कारण आजार किती वर्षांचा आहे यालाही गुण असतात.

तपासणीत ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात आणि त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात. २० पैकी ७ गुण झाले की ४० टक्क्यांचा टप्पा गाठला जातो. म्हणजे स्किझोफ्रेनिया असे निदान असणे पुरेसे नाही. त्या आजाराने रोजचे जगणे किती अडते, ते मोजले जाते.

नेमके इथेच आपण शुभंकर, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणारे घरचे लोक, चुकतो. माझ्या थोरल्या भावाच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी आईने त्याची दाढी करून दिली, त्याला इस्त्रीचा सदरा घालायला दिला आणि ‘नीट बोल हं’ असे चारदा बजावले. तो नीट बोलला. स्वयंपाक येतो का, या प्रश्नाला त्याने ‘येतो’ म्हणून सांगितले. गॅस पेटता ठेवून तो निघून जातो म्हणून घरातली शेगडी आम्ही दोन वर्षे कुलपात ठेवत होतो, हे आमच्यापैकी कोणीच बोलले नाही. प्रमाणपत्रावर ४० पेक्षा कमी टक्के आले. घरातले दुखणे चारचौघांत झाकायची आपली सवय त्या खोलीत त्याच्याच आड आली.

म्हणून तपासणीआधी किमान महिनाभर एक वही ठेवावी आणि ती शक्यतो शुभार्थीला, म्हणजे आजारी व्यक्तीला, विश्वासात घेऊनच लिहावी. ‘त्रास होतो’ असे मोघम लिहू नये. ‘मंगळवारी आंघोळीसाठी पाच वेळा सांगावे लागले’, ‘पाहुणे येताच तीन तास खोलीत बसून राहिला’, ‘गोळी हातात द्यावी लागते’ अशा नोंदी कराव्यात. चांगले दिवसही प्रामाणिकपणे लिहावेत, कारण खोटी भर कळते आणि खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. सोबत अशा माणसाने जावे, जो रोज घरात असतो.

प्रमाणपत्र हाती आल्यावर महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. घरात कोणी जुन्या करप्रणालीत आयकर भरत असेल, तर त्या शुभंकराला अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठीची ७५,००० रुपयांची वजावटही पाहता येईल.

टक्केवारी कमी लागली किंवा अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येते. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असेल, तर मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी वही पुन्हा सुरू करावी.