'पिक अप यू' नव्हे, 'पिक यू अप': फ्रेजल व्हर्ब वापरताना या चुका टाळा

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात एक ताई येतात. कपड्यांच्या दुकानाचा हिशेब बघतात आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मेसेज, मेल त्याच पाठवतात. परवा त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पाहुण्याला लिहिलं होतं, 'आय विल पिक अप यू फ्रॉम द स्टेशन.' त्या म्हणाल्या, "सर, पिक अपचा अर्थ पाठ आहे, स्पेलिंगही बरोबर आहे, मग चुकलं कुठे?"

चुकली ती 'यू'ची जागा. आणि ती कुठल्याही यादीत दिलेली नसते. 'पिक अप म्हणजे उचलणे, घ्यायला जाणे' एवढंच यादी सांगते. म्हणून मी वर्गात फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापद आणि 'अप', 'ऑफ' यांसारखा छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांच्या, याद्या पाठ करू देत नाही. पाठ करायचंच तर अख्खं वाक्य करा, आणि त्यात 'इट', 'हिम', 'यू' यांपैकी काहीतरी असू द्या.

कारण नियम सर्वनामाचा आहे. कर्म नाम असेल तर दोन्ही चालतं: 'पिक अप द पार्सल' किंवा 'पिक द पार्सल अप'. पण कर्माच्या जागी सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'पिक इट अप', 'टर्न इट ऑफ', 'कॉल मी बॅक', 'वेक हिम अप'. 'वेक अप हिम' असं कुणी इंग्रज बोलणार नाही.

मग विद्यार्थी हा नियम सगळीकडे लावतात आणि 'आय विल लुक हर आफ्टर' म्हणून मोकळे होतात. काही जोड्या फुटत नाहीत: 'लुक आफ्टर हर', 'लुक फॉर इट', 'रन इंटू हिम', 'गेट ओव्हर इट'. तीन शब्दांच्या बहुतेक जोड्याही अशाच: 'पुट अप विथ हिम', 'रन आउट ऑफ इट'. कुठली फुटते आणि कुठली नाही हे ओळखायचं कसं? ऑक्सफर्ड किंवा लाँगमनचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडा. क्रियापद आणि 'अप', 'ऑफ' यांच्या मधे दोन टोकांचा छोटा बाण छापलेला दिसला, तर ती जोडी फुटते. अर्थ बघून कोश मिटण्याआधी त्या बाणाकडे एकदा नजर टाका.

हे प्रकरण परक्यांना जड जातं, ही तक्रार जुनीच आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की, क्रियापदापुढे असा छोटा शब्द लावून अर्थ बदलण्याच्या या पद्धतीचा परकीयांना सर्वांत जास्त त्रास होतो. पण मराठी माणसाला ही गोष्ट अगदीच अनोळखी नाही. 'तेवढा भात खाऊन टाक' म्हणताना आपण काहीही टाकत नाही. 'ऐकून घे' मध्ये हातात काही घेत नाही, 'बोलून बसलो' मध्ये कुणी खाली बसत नाही. दुसऱ्या क्रियापदाने आपला मूळ अर्थ सोडलेला असतो आणि पहिल्याला एक छटा दिलेली असते. इंग्रजीत बरंचसं तेच काम 'अप', 'ऑफ', 'आउट' करतात. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक', 'यूज अप' म्हणजे 'वापरून संपव'. पुरतं करून टाकण्याची ही छटा 'अप'मध्ये पुष्कळदा सापडते. 'ऑफ'मध्ये सुटण्या-तुटण्याची सापडते: 'टेक ऑफ', 'कट ऑफ', 'गेट ऑफ'. सगळीकडे ही किल्ली लागत नाही. 'गिव्ह अप' म्हणजे नाद किंवा प्रयत्न सोडणं, ते तसंच लक्षात ठेवावं लागतं. तरी कोरड्या यादीपेक्षा ही वाट मला खूप बरी वाटते.

एका मराठी क्रियापदाला एकच इंग्रजी शब्द

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'काढणे' घ्या. बूट काढ, फोटो काढ, एटीएममधून पैसे काढ, डाग काढ, वेळ काढ. आपल्याला एकच क्रियापद पुरतं, म्हणून डोक्यात 'रिमूव्ह' बसतं आणि ते सगळीकडे लागतं. इंग्रजीत बूट 'टेक ऑफ' करतात, फोटो नुसता 'टेक', पैसे 'टेक आउट', डाग 'गेट आउट', आणि वेळ 'मेक' करतात. 'रिमूव्ह युअर शूज' पाटीवर शोभतं. घरी आलेल्या मैत्रिणीला 'टेक ऑफ युअर शूज' म्हणा.

'घालणे'चंही तसंच. 'थांब, बूट घालतोय' याचं भाषांतर 'वेट, आय ॲम वेअरिंग माय शूज' असं होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की बूट पायात आहेत, मग थांबायचं कशाला? घालण्याची क्रिया चालू असेल तर 'पुटिंग ऑन'. घालून झालं की 'वेअरिंग'.

'बंद कर' म्हणून 'क्लोज द फॅन' येतं. दार 'क्लोज' होतं. पंखा, दिवा, नळ 'टर्न ऑफ'. दुकान कायमचं बंद झालं तर 'क्लोज डाउन'. फोन 'कट' न करता 'हँग अप'.

'उतरणे'ला आपण 'गेट डाउन' म्हणतो. पुण्यात किंवा दादरला बसमध्ये कुणाचं काही अडत नाही, पण बाहेरच्या देशात ते झाडावरून उतरल्यासारखं किंवा खाली वाक म्हटल्यासारखं ऐकू येतं. बस, ट्रेन, मोटरसायकल असेल तर 'गेट ऑफ'. गाडी, टॅक्सी, रिक्षा असेल तर 'गेट आउट ऑफ'.

नको तिथे जास्तीचा शब्द

'कोप अप विथ' असं काही नाही, 'कोप विथ' आहे. 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' कानावर पडून पडून तो 'अप' इथेही चिकटतो. 'डिस्कस अबाउट' मधला 'अबाउट' आपल्या 'बद्दल'मधून येतो. 'डिस्कस द प्राइस' म्हणा, पुरे. 'रिटर्न बॅक' मधला 'बॅक'ही काढा.

मेलच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहिणारे तर फारच. तिथला 'टू' हा शब्दयोगी आहे, पुढे 'मीटिंग यू' हवं. नोकरीच्या अर्जात हे वाक्य हमखास असतं, म्हणून ते एकदा नीट घोटून घ्याच.

परदेशी माणसाशी बोलताना आणखी दोन ठिकाणी जपा. 'आय पास्ड आउट इन 2019' म्हटलं तर त्याला वाटतं तुम्ही बेशुद्ध पडलात. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची 'पासिंग आउट परेड' मात्र बरोबर आहे, लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्याचा तो अर्थ ब्रिटिश इंग्रजीतलाच. दुसरी जोडी 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ'ची. पहिलीत बैठक पुढे ढकलतात, दुसरीत रद्दच करतात. यात घोटाळा झाला तर समोरचा येणारच नाही.

ऐकताना कळत नसेल तर

"लिहिलेलं कळतं, बोललेलं कळत नाही," असं पुष्कळजण सांगतात. 'पिक इट अप' हे तीन शब्द बोलताना सुटे राहत नाहीत, 'पिकिटप' असं ऐकू येतं. 'टर्न इट ऑफ'चं 'टर्निटॉफ' होतं, आणि जोर शेवटच्या 'ऑफ'वर असतो. आपण जोर 'टर्न'वर देतो आणि तिथेच कान लावून बसतो, मग 'ऑफ' होतं की 'ऑन' तेच निसटतं. वर्गात आम्ही डोळे मिटून हेच करतो. मी 'टर्निटॉफ', 'टर्निटॉन', 'टर्निटप', 'टर्निटडाउन' उलटसुलट म्हणतो आणि मुलांनी हातानेच दाखवायचं: बटण बंद, बटण चालू, आवाज मोठा, आवाज लहान. त्या ताईंचा हात पहिल्या दिवशी दर वेळी अर्धवट वर जाऊन थांबायचा. आता माझं बोलणं संपायच्या आत तो वर गेलेला असतो.