अंजनेरीच्या पठारावर सोनकी कशी ओळखावी

नाशिकच्या फुलविक्रेत्यांकडे पुष्पगुच्छात भरायला ‘गोल्डन रॉड’ नावाचे जे पिवळे तुरे मिळतात, ते मूळचे उत्तर अमेरिकेतील आहेत. त्याच सूर्यफूल कुळातील, पण सह्याद्रीत आपोआप उगवणारे पिवळे रानफूल पाहायचे असेल, तर गणपती उठल्यापासून नवरात्रापर्यंतच्या दिवसांत त्र्यंबक रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवरील अंजनेरीला जावे आणि सोनकी शोधावी.

सोनकीचे रोप साधारणपणे गुडघ्याच्या आतच राहते. तिची दातेरी कडांची पाने खोडावर एकाआड एक येतात. आपण जिला एक फूल म्हणतो, तो खरे तर अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो. मधल्या चकतीत नळीसारखी फुले दाटीने बसलेली असतात आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल असते. एवढ्यावर मात्र निर्णय करू नये, कारण या कुळात अशी रचना सर्रास आढळते. फूल न तोडता खाली वाकून त्याची मागची बाजू पाहावी: तेथील हिरवी छदे (फुलाला खालून वेढणारी छोटी पानांसारखी अंगे) एकाच रांगेत, जवळजवळ सारख्या उंचीची आणि पेल्यासारखी उभी दिसतात. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच. पुढे बी धरल्यावर त्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका येतो आणि बी वाऱ्यावर उडते.

सोनकीच्या एकाहून अधिक जाती आहेत. सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस ही त्यांतील एक. जात ठरवायची असल्यास पानांवरची लव आणि पानाचा देठ यांची छायाचित्रे आवर्जून घ्यावीत.

घोटाळा होतो तो मुख्यतः कवल्याशी, कारण तोही त्याच सुमारास पिवळा फुलतो. परंतु कवल्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे असते, त्याची पाने संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पानांची, असतात आणि काही जातींच्या फुलांवर दोन लाल ठिपके असतात.

सोनकीला मोकळे ऊन आणि पाणी न साचणारा उतार मानवतो. काळ्या कातळावरील मातीचा पातळ थर, गवताळ उतार, कड्यांच्या भेगा, गडाच्या पडक्या भिंतींचे सांधे अशा जागा आधी पाहाव्यात. दाट झाडीच्या सावलीत शोधण्यात वेळ घालवू नये. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र असून सेरोपेजिया अंजनेरिका ही अतिदुर्मीळ वनस्पती याच डोंगरावर वाढते. म्हणून पिवळ्या ताटव्यात न शिरता मळलेल्या वाटेवरूनच निरीक्षण करावे.