बॅकअप रोज चालतो, पण डेटा परत मिळेल का? छोट्या सर्व्हरवरच्या या चुका टाळा

लिनक्स चालवणारा जुना डेस्कटॉप किंवा सिंगल-बोर्ड संगणक, त्याला यूएसबीने जोडलेली डिस्क आणि रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सेवेने) चालणारी स्क्रिप्ट. एवढ्या सामानावर भरवशाचा बॅकअप नक्की घेता येतो. पण या मांडणीतल्या बहुतेक चुका मुक्या असतात. स्क्रिप्ट रोज चालते, कुठे तक्रार दिसत नाही, आणि फाइल परत हवी असते त्या दिवशी हाती काहीच लागत नाही.

डिस्क माउंट न होताच बॅकअप

आमच्या मते सगळ्यात घातक चूक हीच. डिस्क माउंट झालेली, म्हणजे फोल्डरला जोडली गेलेली नसेल, तर तिच्यासाठी ठेवलेलं फोल्डर म्हणजे सिस्टीम डिस्कवरचं साधं रिकामं फोल्डर. फाइल कॉपी करणाऱ्या आरसिंकला हा फरक कळत नाही. तो सगळा डेटा तिथेच उतरवतो. सिस्टीम डिस्क भरते आणि डेटाबेसपासून लॉगपर्यंत सगळ्यांचं लिहिणं अडतं. पुढे डिस्क माउंट झाली की चुकून उतरलेल्या फाइल तिच्याखाली झाकल्या जातात. मग डिस्कची एकूण वापरलेली जागा सांगणारा डीएफ ती भरलेली दाखवतो, पण फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूच्या बेरजेत तेवढा डेटा सापडत नाही. असं दिसलं तर बॅकअपची डिस्क अनमाउंट करा आणि तेच फोल्डर उघडून बघा.

बंदोबस्त असा करा. एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये) डिस्कची नोंद यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने करा, कारण ‘एसडीबी’सारखी नावं रीबूटनंतर बदलू शकतात. सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होईल. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने तपासणी करा. डिस्क जागेवर नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबायला हवं. ही तपासणी सर्वांत महत्त्वाची.

डिस्क वारंवार गायब होत असेल तर आधी केबल बदला, मग वीजपुरवठा बघा. रास्पबेरी पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. फिरणाऱ्या दोन डिस्कना हे पुरत नाही. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब किंवा डिस्क घ्या.

प्रतिबिंबाला बॅकअप समजणं

रेड १ (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणारी मांडणी) मुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. चुकून खोडलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. ‘डिलीट’ पर्याय (मूळ जागी नसलेल्या फाइल प्रतीतूनही काढणारा) लावून रोज चालवलेला आरसिंकही तेच करतो, फक्त एक रात्र उशिरा. जुन्या आवृत्त्या हव्यातच: ७ दैनिक, ४ साप्ताहिक, ६ मासिक ही चांगली सुरुवात आहे. रेस्टिक आणि बोर्ग ही बॅकअपची साधनं डेटाचे एकसारखे तुकडे एकदाच साठवतात, त्यामुळे एवढ्या प्रती छोट्या डिस्कवरही मावतात.

इथे एक अडचण हमखास येते. रेस्टिकचं ‘फर्गेट’ फक्त स्नॅपशॉटची (एका वेळच्या प्रतीची) नोंद काढतं. जागा ‘प्रून’ चालवल्यावरच सुटते. बोर्गमध्ये १.२ आवृत्तीपासून ‘प्रून’नंतर ‘कॉम्पॅक्ट’ वेगळं चालवावं लागतं.

चालू डेटाबेसच्या फाइल कॉपी करणं

कॉपी होत असतानाच फाइल बदलत राहते, त्यामुळे प्रतीचा अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा असतो. डेटाबेसची सुसंगत प्रत (डंप) काढणारं पीजी-डंप (पोस्टग्रेससाठी) किंवा मायएसक्यूएल-डंप वापरा. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी प्रकारच्या टेबलांसाठी ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्याय द्या. एसक्यूलाइटसाठी त्याची स्वतःची ‘बॅकअप’ आज्ञा आहे.

डंप थेट जीझिपकडे (फाइल दाबून लहान करणाऱ्या आज्ञेकडे) पाइप करत असाल तर सावध. पाइपलाइनचा निकाल म्हणून शेलला शेवटच्या आज्ञेचा कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) मिळतो. पासवर्ड चुकून डंप पडला तरी जीझिप यशस्वी होतो आणि २० बाइटची रिकामी फाइल तयार होते. बॅश स्क्रिप्टमध्ये ‘पाइपफेल’ (मधली आज्ञा पडली तरी अपयश दाखवणारा पर्याय) चालू करा आणि डंपच्या आकाराची किमान मर्यादाही तपासा.

फक्त अपयशाची सूचना मागणं

सर्व्हरच बंद पडला तर अपयशाची सूचना पाठवणार कोण? यशाची खूण दुसऱ्या यंत्रावर पाठवा आणि २६ तासांत ती आली नाही तर त्या यंत्राने इशारा द्यावा. रेस्टिकने कोड ३ दिला तर काही फाइल वाचता आलेल्या नाहीत, म्हणजे स्नॅपशॉट अपुरा आहे. बोर्गमध्ये १ म्हणजे इशारा आणि २ म्हणजे त्रुटी.

पहिल्या अपलोडचा हिशेब न करणं

दुसऱ्या जागी एक प्रत असावीच. पण ५०० जीबी डेटा १० एमबीपीएस अपलोडवर पाठवायला सुमारे १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त लागतात. तेवढ्यात क्रॉन दुसरी फेरी सुरू करतो. एकाच वेळी दोन फेऱ्या चालू न देणारं ‘एफलॉक’ वापरून ती अडवा. शक्य असेल तर पहिली प्रत डिस्कवर घेऊन तिथे नेऊन ठेवा.

किल्ली सर्व्हरवरच

रेस्टिकचा बॅकअप कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असतो, त्याचा पासवर्ड गेला की डेटा गेला, दुसरी वाट नाही. तो कागदावर आणि दुसऱ्या यंत्रावर ठेवा. बोर्गची किल्ली ‘की एक्सपोर्ट’ने बाहेर काढा.

रिस्टोअर न करता विश्वास ठेवणं

रेस्टिकचं साधं ‘चेक’ मुख्यतः रचना तपासतं, सगळा डेटा वाचत नाही. ‘रीड-डेटा-सबसेट’ला दर आठवड्याला दहातला पुढचा भाग द्या, दहा आठवड्यांत सगळा साठा वाचून होतो. महिन्यातून एकदा एक फोल्डर वेगळ्या जागी आणि एक डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवा. फोल्डर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून उतरवा, नाहीतर फाइलींचे मालक बदलतात आणि सगळा डेटा परत येऊनही सेवा सुरू होत नाही.