काँग्रेस गवत उपटताय? आधी पाणी कुठून येतं ते बघा

पावसाने जरा उघडीप दिली की सगळीकडे खुरपण चालू होतं आणि दरवर्षी तीच तक्रार, एवढी मजुरी घालून रान साफ केलं आणि पंधरा दिवसात काँग्रेस परत हजर. आमच्याकडे पण हेच. खालच्या दोन तालींत (बांध घालून केलेल्या शेताच्या टप्प्यांत) बाजरी दिसेना एवढं गाजर गवत, म्हणजे हेच काँग्रेस, आणि वरच्या तालीत शोधून दहा-बारा झाडं. बियाणं तेच, खत तेच, मग असं का? म्हणून ओघळ धरून वर चालत गेलो, तर वरच्या रस्त्याच्या कडेला जिथे मुरूम आणून टाकलाय तिथे कमरेएवढी झाडं, पांढरी फुलून उभी, आणि पावसाचं सगळं पाणी तिथूनच आमच्या रानात उतरतंय.

याचं बी हातावर घेऊन बघा, जेमतेम दोन मिलिमीटरचं, काळं, आणि बाजूला पातळ पापुद्रे चिकटलेले, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं. एका मोठ्या झाडाला १०-२५ हजार बी येतं. वाऱ्याने थोडंफार उडतं पण लांबचा प्रवास पाणी, गाड्यांची चाकं आणि वाहून आणलेली माती यांच्यामुळेच होतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा हे लक्षात आलं आणि आज रस्ता, पाट, ओढा धरून कुठवर गेलंय ते आपण बघतोच.

उतारावर पाणी पळतं तिथे बी फारसं टिकत नाही, पाणी थांबलं की गाळासोबत बी पण बसतं. म्हणजे बांधाच्या वरच्या अंगाला, तालीच्या कोपऱ्यात, सांडीच्या (बांधातून जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेच्या) तोंडाशी, पाट जिथे वळतो तिथे, ओढ्याच्या आतल्या वळणावर. पहिल्या पावसानंतर या जागा नुसत्या फिरून बघितल्या तरी निम्मं काम कळतं, रोपं अजून जमिनीला चिकटून गाजराच्या पाल्यासारखी असतात.

तर क्रम असा ठेवा, माथ्यापासून पायथ्याकडे. पाणलोटाच्या कामात, म्हणजे पावसाचं पाणी वरून खाली अडवत येण्याच्या कामात, जे करतो तेच इथे. वरचा रस्ता, गायरान, मग ओघळ, मग बांध, आणि शेवटी शेत. वरचं रान दुसऱ्याचं असेल तर त्याच्याशी बोला, दोन घरं मिळून एक सकाळ काढा, एकट्याने खाली कितीही खुरपलं तरी पुढच्या पावसात वरून परत येणार.

उपटायचं फुलायच्या आधी आणि वाफशावर (जमीन ओलसर पण चिखल नसताना), म्हणजे मुळासकट येतं, नुसतं कापलं तर बुडातून फुटतं. उगवल्यापासून महिनाभरात फुलायला लागतं त्यामुळे एकदा उपटून भागत नाही, सप्टेंबरपर्यंत दोन-तीन फेऱ्या धरा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं घ्याच, याने अंगाला खाज, पुरळ, काहींना दम्याचा त्रास होतो आणि एकदा सुरू झाला की सहज जात नाही. फुलं नसलेलं गवत खड्ड्यात कुजवून खत होतं, फुललेलं मात्र उकिरड्यावर नको आणि ओढ्यात तर अजिबात टाकू नका.

काही जण मिठाचं पाणी फवारतात. पडीक सपाट जागेवर एकवेळ ठीक, पण उतारावर माझ्या मते करूच नये, पुढच्या पावसात ते मीठ कुणाच्या तरी शेतात नाहीतर विहिरीत जाणार.

गायरान मोठं असेल, माणसं पुरणार नसतील तिथे मेक्सिकन भुंगेरे सोडा, पांढरट पाठीवर तपकिरी रेघा असलेले. ते १९८३ साली भारतात आणले. भुंगेरा आणि त्याची अळी दोन्ही पानं खातात, पण काम पावसाळ्यातच, हिवाळा-उन्हाळ्यात ते जमिनीत झोपून असतात. म्हणून आत्ताच सोडायचे, आणि सोडले तिथे तणनाशक मारायचं नाही. याशिवाय दिवाळीच्या आसपास टाकळ्याचं (पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाजीचं) बी गोळा करून ठेवा आणि पुढच्या वर्षी पावसाआधी वरच्या मुरमाड कडेला फेका, टाकळा दाट आला की काँग्रेसला जागा राहत नाही.

तलावाचा गाळ किंवा मुरूम आणणार असाल तर जिथून उचलताय ती जागा आधी डोळ्याने बघून या, आणि टाकल्यावर पहिले दोन पावसाळे त्या पट्ट्यावर लक्ष ठेवा.