गप्पा रंगतील अशी तात्पुरती जागा कशी मांडावी

एका दिवसासाठी मांडलेल्या जागेत लोक बोलतील की नाही, हे मुख्यतः खुर्च्या ठरवतात. सजावट नंतर.

आधी जागा निवडा. लोकांची ये-जा असते त्या वाटेपासून दोन-तीन मीटर आत आणि पाठीशी भिंत, कुंपण किंवा झाड असलेला कोपरा उत्तम. मैदानाच्या मधोमध मांडलेल्या खुर्च्या बहुधा ओस पडतात, कारण तिथे पाठ उघडी राहते आणि चारही बाजूंनी नजरा येतात. वीस जणांसाठी ८ × ८ मीटर पुरे. मोठी जागा रिकामी दिसते आणि रिकाम्या जागेत पहिलं कोण बसणार? म्हणून सुरुवातीला १४-१५ खुर्च्याच मांडा, उरलेल्या जवळच रचून ठेवा. लागतील तशा लोक स्वतःच ओढून घेतात.

खुर्च्या हलक्या, पाठ असलेल्या, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीच्या हव्यात. त्या एकमेकींना बांधू नका. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा लोक बसण्याआधी खुर्ची थोडीशी सरकवताना दिसले, अगदी सरकवून काही फायदा नसतानाही. त्या छोट्याशा हालचालीने जागा आपली होते.

मांडणी तीन-चार खुर्च्यांच्या घोळक्यांत करा. पाचवा-सहावा माणूस आला की बोलणं आपोआप दोन गटांत फुटतं. खुर्च्या अगदी समोरासमोर नकोत, काटकोनात ठेवा: टेबलाच्या कोपऱ्याशी बसलेली माणसं जास्त बोलतात, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांच्या निरीक्षणात आढळलं होतं. कारण साधं आहे. समोरच्याकडे सतत बघावं लागत नाही, नजर सहज बाजूला वळवता येते. बसलेल्यांच्या चेहऱ्यांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवा. दोन मीटरच्या पुढे आवाज चढवावा लागतो आणि अनोळखी माणसं मग गप्प राहणंच पसंत करतात. प्रत्येक घोळक्यात चाकाची खुर्ची मावेल अशी ९० × १३० सेंटिमीटर मोकळी जागा राखा, ती कडेला नको. एखाद-दुसरी खुर्ची वाटेकडे तोंड करून सुटी ठेवा. नुसतं बघत बसायला आलेला माणूस पुष्कळदा अर्ध्या तासाने बोलू लागतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आवाजाने. स्पीकर लावूच नका. जनरेटर लागणारच असेल तर तो निदान ३० मीटर लांब, शक्यतो भिंतीआड ठेवा.

सावली सकाळी नाही, तर गर्दीच्या वेळी कुठे पडेल ते आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन बघा. ३ × ३ मीटरच्या चार पायांच्या छत्रीच्या प्रत्येक पायाला निदान २० किलो वजन बांधा. जोराचा वारा सुटला तर वजनावर विसंबू नका, छत्री उतरवा. संध्याकाळी डोक्यावरचा झगझगीत दिवा नको, टेबलाच्या उंचीवर पिवळसर दिवे ठेवा.

शेवटची गोष्ट म्हणजे हाताला आणि नजरेला काहीतरी काम. परिसराचा मोठा नकाशा आणि खडू, किंवा अर्धवट जुळवलेलं चित्रकोडं. दोन अनोळखी माणसांना तिसऱ्याच गोष्टीवर बोलणं सोपं जातं. “आपली ओळख करून द्या” असा फलक मात्र लावू नका, त्याने माणसं अवघडतात.