पावसाच्या आकड्यांवर सातवीची स्प्रेडशीट

ऐरोलीतल्या आमच्या शाळेत संगणक कमी, मुलं जास्त. तरी सातवीला स्प्रेडशीट येते, कारण मी सुरुवात पावसापासून करते.

सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी गच्चीवर मोकळ्यात ठेवा. रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याचीही हीच वेळ) पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, बरणी रिकामी करा. पट्टीचा शून्य अगदी टोकाला हवा.

मग गुगल शीट्स. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात नुसता आकडा. इथे घाई नको. एका मुलीने '१२ मिमी' असं लिहिलं आणि आठवड्याची बेरीज कमी आली. मी गप्प राहिले. तिने एकेक चौकट तपासली आणि ओरडली, "मॅडम, हा डावीकडे चिकटलाय!" मजकूर डावीकडे बसतो, आकडा उजवीकडे, मजकूर बेरजेत धरला जात नाही. हे ती आता विसरणार नाही.

जोड्या करा: एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं, रोज अदलाबदल. हे पाळाच, नाहीतर माऊस धीट मुलांकडेच राहतो.

पुस्तकातल्या क्यूआर कोडचे दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा.

महिनाअखेरीस स्तंभालेख काढा. शेजारच्या रकान्यात सांताक्रूझ वेधशाळेचे आकडे भरा आणि फरक का पडला, यावर मुलांना मनसोक्त वाद घालू द्या.