होळीपूर्वीची तयारी: मुंबईतील घर गार ठेवण्याची आणि विजेचे बिल आवरण्याची यादी

मुंबईत एसीचा पहिला दिवस मेमध्ये येतो असे मानण्याची चूक करू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पूर्वेकडील कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरून येणारा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि पारा एकाएकी ३७-३८ अंशांवर जातो. त्या आठवड्यात दुरुस्ती करणारा माणूस मिळणे कठीण असते. म्हणून पुढील कामे होळीच्या आधीच उरकावीत.

सर्वप्रथम जुनी बिले काढून एप्रिल, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहून घ्यावेत. पुरवठा बेस्टचा असो, टाटा किंवा अदानीचा असो, की मुलुंड-भांडुपकडचा महावितरणचा असो, घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. टप्पा ओलांडल्यावर सगळीच वीज महाग होते हा समज चुकीचा आहे, कारण चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. मात्र आपण वाचवतो तेही हेच वरचे, सर्वांत महाग युनिट असतात.

दुसरे काम पश्चिमेकडील खिडक्यांचे. दुपारी तीननंतरचे ऊन काचेतून एकदा आत आले की जाड पडदा ते फारसे परतवत नाही, कारण पडदा स्वतःच तापून खोलीला तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते आणि त्यासाठी काचेबाहेरच्या ग्रिलला आतून बांधलेला बांबूचा चिक पुरेसा होतो. सरकत्या खिडक्यांच्या दोन झडपांमध्ये जी फट असते, तिच्यापुढे संध्याकाळी पेटवलेली उदबत्ती धरून पाहावी. धूर हलला तर तेथे पट्टी चिकटवावी. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीवर पांढरा रंग किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर देण्याचा विषय सोसायटीच्या सभेत जानेवारीतच मांडावा. सभा, ठराव आणि दरपत्रके यांत दोन महिने सहज जातात.

पाण्याचा कूलर किंवा वाळ्याचे पडदे मात्र या यादीत नाहीत. नागपुरात ते उत्तम चालतात, कारण तेथील कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होऊन उष्णता शोषते. मुंबईच्या दमट हवेत पाण्याची वाफ फारच हळू होते आणि खोलीत उलट घुसमट वाढते.

पंख्यांकडे लोक फार दुर्लक्ष करतात. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला सुमारे ६० युनिट वाचतात, आणि मुंबईत पंखा वर्षभर फिरतोच.

आता एसी. आतल्या युनिटची जाळी काढून नळाखाली धुवावी आणि पुढे दर पंधरवड्याला धुण्याचा वार ठरवावा. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या माणसाने हात न लावताच ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून पैसे घेतले. गारवा काही वाढला नाही, आणि नंतर जाळी उघडली तेव्हा तिच्यावर राखाडी लोकरीसारखा धुळीचा थर जमलेला होता. गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरतो आणि गळती झाल्याखेरीज कमी होत नाही, म्हणून गॅस भरण्याआधी गळती कोठे आहे हे दाखवण्यास सांगावे. समुद्राजवळच्या घरांत बाहेरच्या युनिटचे पत्रे खाऱ्या हवेने गंजतात. तेही पाहून घ्यावेत, आणि त्या युनिटसमोर कुंड्या किंवा अडगळ ठेवू नये.

तापमान २४ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसींमध्ये हेच तापमान मुळात ठरवून दिलेले असते, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. पंखा मंद चालू ठेवल्यास २६ अंशही पुरतात. नवा एसी घ्यायचा असल्यास टनांचा हव्यास टाळावा (हा टन वजनाचा नव्हे, एक टन बर्फ २४ तासांत वितळवण्याइतकी उष्णता काढण्याच्या क्षमतेचा आहे): खोलीच्या मानाने मोठा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी हवा चटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. ताऱ्यांच्या चिठ्ठीवर कोणत्या वर्षाचे मानांकन आहे हेही वाचावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात.

तापवण्याचा प्रश्न मुंबईत एका गीझरपुरताच आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी कोमट पाणीच येते, तेव्हा होळीनंतर गीझरचे बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी. थंडीत गीझरचे तापमान ५० अंशांवर ठेवून आंघोळीच्या वीस मिनिटे आधीच तो सुरू करावा. एसीचे भिंतीवरील बटणही रिमोटने बंद केल्यावर वेगळे बंद करावे.